‘मला मान्य आहे’ : शब्दार्थ आणि सारांशलेखन

(दिल्लीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या माणसाला भाषेच्या पेपरविषयी बोलायला का बोलावले, हा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की, अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना ज्या चुका मला दिसतात, त्यांतील निम्म्या तरी अर्थशास्त्राच्या नसतात. विद्यार्थ्याने वाक्यातील कळीचा शब्द ओलांडलेला असतो आणि त्यापुढील सारे विवेचन, ते कितीही अभ्यासपूर्ण असले तरी, भलत्याच प्रश्नाचे उत्तर ठरते.

नागरी सेवा मुख्य परीक्षेत भारतीय भाषा व इंग्रजी असे प्रत्येकी ३०० गुणांचे दोन पेपर असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. किमान २५ टक्के मिळाले की काम भागते. म्हणूनच या पेपरांकडे दुर्लक्ष होते. परंतु तेवढे गुण मिळाले नाहीत तर उर्वरित पेपर विचारातच घेतले जात नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. या पेपरात उताऱ्याचा सारांश सुमारे एक तृतीयांश शब्दांत आणि स्वतःच्या भाषेत लिहावयाचा असतो. ‘स्वतःच्या भाषेत’ या दोन शब्दांवरच बहुतेकांची गाडी अडते. उताऱ्यातील प्रत्येक तिसरे वाक्य उचलून जोडले की सारांश झाला, अशी समजूत फार मोठ्या प्रमाणावर आढळते. असा सारांश म्हणजे घराच्या भिंतीतील प्रत्येक तिसरी वीट काढून बांधलेले छोटे घर होय.

सरावासाठी उतारे कोणत्या विषयावरचे निवडावेत? मी गेली काही वर्षे मुद्दाम ऑनलाइन जीवनावरचे उतारे देतो. समाजमाध्यमे, मोबाइलवरून होणारे व्यवहार, वैयक्तिक माहितीचे संरक्षण, आंतरजालाचे नियमन असे त्यांचे विषय असतात. हे विषय परीक्षेला येतात हे एक कारण झाले. पण खरे कारण निराळे आहे. मोसमी पावसावरचा किंवा जमीन सुधारणांवरचा उतारा विद्यार्थी सावकाश वाचतो, कारण तो विषय आपल्याला पुरेसा माहीत नाही याची त्याला जाणीव असते. मोबाइलवरचा उतारा मात्र तो भराभर वाचतो. ‘हे तर आपले रोजचेच’ असे त्याला वाटते. जेथे सर्व शब्द ओळखीचे वाटतात तेथेच अर्थ निसटतो. तुम्हाला कसे वाचता येते हे तपासायचे असेल, तर ओळखीच्या विषयासारखी दुसरी कसोटी नाही.

एक उदाहरण देतो. ‘डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३’ हा संसदेने केलेला कायदा आहे. ज्या व्यक्तीची माहिती घेतली जाते तिला या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात ‘डेटा प्रिन्सिपल’ म्हटले आहे, आणि ती माहिती कशासाठी व कशी वापरायची हे ठरवणाऱ्या संस्थेला ‘डेटा फिड्युशरी’. वर्गात या तरतुदीचा सारांश मराठीत लिहायला सांगितला, तेव्हा एका विद्यार्थ्याने ‘डेटा प्रिन्सिपल’चे भाषांतर ‘माहिती प्राचार्य’ असे केले. वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना विचारले की, मग योग्य शब्द कोणता? दुसऱ्याने ‘मुद्दल’ सुचवले, कारण बँकेच्या परीक्षेच्या पुस्तकात त्याने तोच अर्थ पाठ केलेला होता.

दोघेही शब्दकोशाच्या दृष्टीने चुकलेले नव्हते. मात्र येथे हवा असलेला तिसरा अर्थ वाक्यातूनच मिळतो. अर्थशास्त्रात आपण ‘प्रिन्सिपल’ आणि ‘एजंट’ यांच्या संबंधाचा अभ्यास करतो. ज्याचे काम आहे तो धनी. आणि धन्याच्या वतीने जो ते करतो तो प्रतिनिधी. प्रतिनिधीजवळ माहिती अधिक असते, धन्याजवळ कमी. आणि सारा पेच तेथून सुरू होतो. ‘फिड्युशरी’ म्हणजे विश्वस्त. दुसऱ्याची ठेव त्याच्याच हितासाठी सांभाळणारा. हे दोन अर्थ शेजारी ठेवा आणि पुन्हा तरतूद वाचा. मोबाइलवर खाते उघडताना आपण स्वतःला ग्राहक किंवा वापरकर्ता समजतो. कायदा मात्र आपल्याला धनी म्हणतो आणि कंपनीला विश्वस्त. दोन शब्द नीट समजले, तर कलमाचा निम्मा सारांश तयार झालेला असतो.

(जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. या कायद्यात व्यक्तीसाठी ‘शी’, म्हणजे ‘ती’, हे सर्वनाम वापरले असून त्यात कोणत्याही लिंगाची व्यक्ती येते असे व्याख्येतच म्हटले आहे. कायद्यांत पिढ्यान्‌पिढ्या ‘तो’ वाचण्याची सवय झालेल्यांना ते प्रथम चूक वाटते.)

शब्दसंग्रह वाढवण्यासाठी रोज दहा शब्द पाठ करण्याची पद्धत तुमच्यात फार प्रचलित आहे. तिचा मी विरोधक नाही. पण त्या वह्या पाहिल्या की मला वाईट वाटते. ‘प्रायव्हसी – गुप्तता, गोपनीयता, खासगीपणा’ असे एका ओळीत लिहिलेले असते, जणू हे तिन्ही शब्द एकाच चहाच्या तीन पेल्या आहेत. मतदान गुप्त असते, शासकीय नस्ती गोपनीय असते आणि घरचे पत्र खासगी असते. गुप्त गोष्ट कळू द्यायची नसते. गोपनीय गोष्ट ठरावीक अधिकाऱ्यांनाच कळू द्यायची असते. खासगी गोष्ट कोणाला कळू द्यायची हे माझे मी ठरवतो. ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही, मग मला प्रायव्हसी कशाला?’ हा युक्तिवाद तुम्ही निबंधांत वाचला असेल, कदाचित लिहिलाही असेल. तो खासगीपणाला गुप्तता समजल्यामुळेच सुचतो.

हाच विषय सारांशाचाही उत्तम पाठ देतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निर्णय दिला. निकालपत्र ५४७ पानांचे असून त्यात सहा स्वतंत्र मते आहेत. शेवटचा आदेश मात्र एका पानात सहज मावेल एवढा, चार कलमांचा आहे. त्यातील महत्त्वाचे कलम सांगते की, खासगीपणाचा अधिकार हा अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या अधिकाराचा अंगभूत भाग आहे आणि राज्यघटनेच्या तिसऱ्या भागाने दिलेल्या स्वातंत्र्यांचाही भाग आहे. एम. पी. शर्मा (१९५४) आणि खडक सिंग (१९६२) या जुन्या निर्णयांनी असा अधिकार घटनेत नाही असे जेथे म्हटले होते, तेवढ्यापुरते ते निर्णय रद्द करण्यात आले. ‘तेवढ्यापुरते’ हा शब्द पाहा. मी हा आदेश वर्गात दिला तेव्हा बहुतेकांनी ‘दोन्ही जुने निर्णय रद्द केले’ असे लिहिले. शब्द वाचले, पण अर्थ बिघडला. सारांशात विशेषणे गाळता येतात, उदाहरणे गाळता येतात. मर्यादा सांगणारा शब्द गाळता येत नाही. ‘मात्र’, ‘वगळता’, ‘पर्यंत’, ‘अन्यथा’, ‘किंवा’ हे शब्द दिसायला किरकोळ असतात. पण उताऱ्यातील अटी त्यांच्याच खांद्यावर असतात.

आता जरा मोठे उदाहरण घेऊ. मला ते फार उद्बोधक वाटते, कारण त्यात वाचन, सारांश आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे या तिन्ही गोष्टींची परीक्षा साऱ्या देशाने दिली.

२७ मार्च २०१५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, आंतरजालावरून दिल्या जाणाऱ्या सेवांच्या नियमनाविषयी एक सल्लामसलतपत्र प्रसिद्ध केले. ते ११८ पानांचे होते आणि त्यात २० प्रश्न होते. अशी पत्रे प्राधिकरण नेहमीच काढते. कंपन्या, त्यांचे वकील आणि काही अभ्यासक ती वाचतात आणि प्रकरण संपते. या वेळी तसे झाले नाही. काही तरुण कार्यकर्त्यांनी ते दस्तऐवज वाचून काढले, त्यात नेमके काय विचारले आहे हे सोप्या भाषेत मांडले आणि प्रश्नांची उत्तरेही तयार करून संकेतस्थळावर ठेवली. ‘नेट न्यूट्रॅलिटी’, म्हणजे आंतरजालाची तटस्थता, हा तोवर तज्ज्ञांचा शब्द महिनाभरात घराघरांत बोलला जाऊ लागला. प्राधिकरणाकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. ११८ पानांच्या चांगल्या सारांशात एवढी शक्ती असते. अर्थात, त्यातील पुष्कळ जणांनी मूळ पत्र न वाचता तयार उत्तरे पुढे पाठवली असणार. दुसऱ्याने केलेला सारांश आपण किती विश्वासाने स्वीकारतो, हा प्रश्न तेथेही उरतोच.

पुढचा अंक अधिक बोधप्रद आहे. डिसेंबर २०१५ मध्ये प्राधिकरणाने दुसरे पत्र काढले. आंतरजालावरील मजकुरानुसार ग्राहकाकडून वेगवेगळे दर आकारू द्यावेत का, असा त्याचा विषय होता. त्या सुमारास फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना चर्चेत होती. काही निवडक संकेतस्थळे ग्राहकाला पैसे न मोजता पाहता येतील, अशी तिची कल्पना होती. फेसबुकने आपल्या सदस्यांना एका कळीनिशी पाठिंब्याचा तयार संदेश प्राधिकरणाला पाठवण्याची सोय करून दिली. असे संदेश लाखोंच्या संख्येने गेले. प्राधिकरणाने त्यावर घेतलेला आक्षेप तुम्ही टिपून ठेवावा असा आहे. या संदेशांत योजनेला पाठिंबा होता. पण पत्रात जे प्रश्न विचारले होते त्यांची उत्तरे नव्हती. परीक्षक उत्तरपत्रिकेच्या समासात जे लिहितो तेच येथे एका वैधानिक संस्थेने लिहिले, असे म्हणायला हरकत नाही.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने विनियम जारी केले. मजकुराच्या आधारे डेटा सेवेसाठी भेदभावाचे दर आकारण्यास त्याने मनाई केली. आपत्कालीन सेवांसाठी दर कमी करण्याची मुभा ठेवली. काही दिवसांतच फेसबुकने भारतातील ती योजना मागे घेतली. या घटनेवरच्या उताऱ्याचा सारांश मी आजवर अनेक तुकड्यांकडून लिहून घेतला आहे आणि ‘ट्रायने मोफत इंटरनेटवर बंदी घातली’ हे वाक्य प्रत्येक तुकडीत किमान चार-पाच जण लिहितातच. विनियमात ‘मोफत’वर बंदी नव्हती, बंदी भेदभावावर होती. ‘मोफत’ हा शब्द योजनेच्या नावातला. तो चमकदार असल्याने स्मरणात राहिला आणि कायद्याच्या वाक्यातला रूक्ष शब्द गळून पडला. योजना योग्य होती की अयोग्य, यावर आजही अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. गरीब ग्राहकाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळाले तर काय बिघडले, हा युक्तिवाद मी तरी सहज झटकून टाकणार नाही. पण त्या वादात उतरण्यापूर्वी निर्णय काय होता हे अचूक सांगता आले पाहिजे.

अर्थशास्त्रज्ञाला ‘मोफत’ या शब्दाची एरवीही धास्ती वाटते. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते की, माहितीची सुबत्ता जेथे असते तेथे ती माहिती जे खाऊन टाकते त्याची, म्हणजे माणसाच्या अवधानाची, टंचाई निर्माण होते. मोफत सेवेची किंमत आपण या अवधानात आणि आपल्या माहितीत मोजतो. पावती मिळत नाही एवढेच.

येथवर जे सांगितले ते मला एका विद्यार्थ्यामुळे नीट उमगले. त्याची ओळख पटेल असे काही सांगणार नाही. तो या शहरात खोली भाड्याने घेऊन तयारी करीत होता. भाषेच्या सराव परीक्षांत त्याचा सारांश वर्गात वाचून दाखवावा असा असे. घरून पैसे यायला उशीर झाला म्हणून त्याने मोबाइलवरील एका ॲपवरून सात दिवसांसाठी ५,००० रुपयांचे कर्ज घेतले. ‘व्याज शून्य’ असे पडद्यावर ठळकपणे लिहिलेले होते. खाली बारीक अक्षरांत २० टक्के प्रक्रिया शुल्क होते. हाती ४,००० रुपये आले, फेडायचे ५,००० होते. शब्दकोशात व्याज आणि शुल्क हे दोन शब्द आहेत, कर्जदाराच्या खिशाला मात्र त्यांत फरक कळत नाही. ४,००० रुपयांवर सात दिवसांत १,००० रुपये म्हणजे २५ टक्के. साध्या हिशोबाने वर्षाला १,३०० टक्क्यांहून अधिक. त्याला फेडायला चार दिवस उशीर झाला. त्या चार दिवसांत त्याच्या मोबाइलमध्ये ज्यांचे ज्यांचे क्रमांक होते, त्या सर्वांना, त्याच्या वडिलांच्या कार्यालयातील सहकाऱ्यांनासुद्धा, तो फसवणारा आहे असे फोन गेले.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी, शिक्षकाच्या खोडीने म्हणा, विचारले, “अरे, तू अटी वाचल्या नव्हत्यास?” तो म्हणाला, “सर, तो उतारा आहे हे माझ्या लक्षातच आले नाही.”

त्याच्या परवानगीने तोच मजकूर मी पुढच्या आठवड्यात वर्गाला उतारा म्हणून दिला. वाचताना पाच प्रश्न हाताशी ठेवायला सांगितले : कोण देतो, कोणाला देतो, काय देतो, कशासाठी आणि किती काळापर्यंत. ‘सेवा सुधारण्यासाठी आम्ही व आमचे सहयोगी आपल्या उपकरणातील संपर्कयादी व इतर आवश्यक माहिती पाहू शकतो’ असे एक वाक्य त्यात होते. ‘इतर आवश्यक’ म्हणजे काय, ते कोणासाठी आवश्यक, ‘सहयोगी’ कोण आणि ‘पाहू शकतो’ ते कधीपर्यंत, यांपैकी कशाचेही उत्तर त्या मजकुरात मिळेना. काहींनी सारांशाची जागा कोरी ठेवली. मी त्यांना पूर्ण गुण दिले. ज्या मजकुराचा सारांश प्रामाणिकपणे लिहिताच येत नाही, त्याला संमती तरी कशी देणार?

आपल्या नियामकांनाही हे जाणवलेले आहे. डिजिटल कर्जांविषयी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुमारे १,१०० कर्ज ॲपपैकी सुमारे ६०० बेकायदा असल्याचे नमूद केले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्जदाराची संपर्कयादी, संभाषणांच्या नोंदी आणि छायाचित्रे ॲपने पाहू नयेत असे त्यात स्पष्ट केले. कर्जदाराला करारापूर्वी ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे बंधनकारक केले, आणि त्यात सर्व शुल्क धरून वर्षाचा एकूण दर दाखवायचा असतो. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने हे विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे असे सांगितले. हे विवरण म्हणजे दुसरे काय आहे? लांबलचक कराराचा कायद्याने सक्तीचा केलेला सारांशच. बेकायदा ॲप तो देत नाही, हे त्याला ओळखण्याचे पहिले लक्षण होय.

२०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने याच दिशेने पुढे पाऊल टाकले आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. ही पाच विशेषणे पाठ करू नका. प्रत्येकाच्या विरुद्ध काय असू शकते याचे एकेक उदाहरण शोधा. कायद्यानेच एक उदाहरण दिले आहे. टेलिमेडिसिनच्या ॲपने उपचारासाठी माहिती मागितली आणि जोडीला संपर्कयादीही मागितली. व्यक्तीने दोन्हींना होकार दिला. तरीही संमती उपचारापुरतीच धरली जाईल, कारण त्या सेवेसाठी संपर्कयादी लागत नाही. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. माहिती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीला मिळाला पाहिजे, हेही कायद्यात आहे.

आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. या सूचना मराठीत, संथाळीत, बोडोत, मैथिलीत कोण लिहिणार? आणि त्या समजण्याजोग्या आहेत की नाहीत हे कोण तपासणार? उद्या तुमच्यापैकी काही जण ज्या खुर्च्यांवर बसतील, त्यांच्याकडे हे काम येईल. ‘डेटा प्रिन्सिपल’ला ‘माहिती प्राचार्य’ म्हणणारी सूचना कायद्याच्या चौकटीत बसेल, पण ती वाचून गडचिरोलीतील शेतकऱ्याला किंवा दुमका येथील अंगणवाडी सेविकेला काहीही कळणार नाही. हे माझे मत काहीसे कठोर वाटेल. परंतु आपल्या शासकीय मराठीचा इतिहास पाहता ही भीती अनाठायी नाही.

पुढील भेटीसाठी काम देतो. तुमच्या मोबाइलवरील एका ॲपची संमतीची सूचना घ्या; मराठीत असेल तर मराठीत, नसेल तर इंग्रजीत. तिचे शब्द मोजा. एक तृतीयांश शब्दांत, स्वतःच्या मराठीत सारांश लिहा. पाचही प्रश्नांची उत्तरे त्यात आली पाहिजेत. ज्याचे उत्तर मूळ मजकुरात नसेल तेथे ‘नमूद नाही’ असे लिहा, अंदाजाने भरू नका. ज्या शब्दांपाशी अडलात ते वेगळ्या कागदावर, त्यांच्या पूर्ण वाक्यासह उतरवून आणा. नंतर तो सारांश घरच्या अशा माणसाला फोनवर वाचून दाखवा, ज्याने ते ॲप वापरलेले नाही. त्याने जो पहिला प्रश्न विचारला तो सारांशाखाली लिहा आणि येताना बरोबर घेऊन या.